प्लेटा आल्या, शिकवणारा कुठे आहे?

औसा तालुक्यातलं एक शिवार. भाद्रपदातलं ऊन, मधूनच ढग. नऊ प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून उभ्या, खाली खांबाला अडकवलेला राखाडी डबा आणि तिथून बोअरमध्ये उतरलेली केबल. काका पाइपाच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. ढग सूर्यावर आला तशी धार बारीक झाली, सरला तशी पुन्हा भरून आली. "बघा ताई, ढगासंगं दम घ्यायलीय मोटार," ते म्हणाले. "लाइटीवरची असती अन् व्होल्टेज असं खालीवर झालं असतं, तर आतापर्यंत जळाली असती."

काका सत्तरीकडे झुकलेले, शाळा चौथीपर्यंत. पण विजेच्या मोटारीबद्दल ते बोलू लागले की थांबत नाहीत. एक फेज गेला की आवाज कसा घोगरा होतो, स्टार्टरचा रिले कशाने पडतो, कपॅसिटर गेल्याचं कसं ओळखायचं, डीपीवर फ्यूजला किती जाडीची तार लागते, सगळं तोंडपाठ. रात्री झोपेत मोटारीचा सूर बदलला तरी आपण उठून बसायचो, असं त्यांनी सांगितलं आणि मला ते पटलं.

मग ते उन्हाळ्याकडे वळले. "एक दिवस डब्यावर लाल दिवा लागला. कसलातरी आकडा यायला. मी म्हणलं, गेली मोटार. कंपनीला फोन लावला. माणूस आला तवर भुईमूग वाळून गेला." आलेल्या माणसाला मोटारीत काहीच बिघाड सापडला नाही. बोअरचं पाणी मोटारीच्या खाली गेलं होतं आणि कोरडी चालून ती जळू नये म्हणून डब्यानेच तिला थांबवलं होतं. काही तास थांबून डबा बंद-चालू केला असता, तर झऱ्याने साचलेलं पाणी तेवढं काढता आलं असतं. थोडं थोडं देऊन निम्मा भुईमूग वाचला असता. लाल दिव्याचा हा अर्थ पंप बसवणाऱ्यांपैकी कुणीही काकांना सांगितला नव्हता.

यंदाच्या अंकासाठी 'अडथळे' हा विषय हातात आला, तेव्हा मला सौर पंपांकडेच जायचं होतं. अपारंपरिक ऊर्जेबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते मेगावॅटचं आणि अनुदानाचं. प्लेट शेतात उभी राहिल्यानंतर पहिल्या लाल दिव्याला काय होतं, याबद्दल फार कमी बोललं जातं. लातूर आणि धाराशिवच्या शिवारांत फिरताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. शेतकऱ्याला समजत नाही, हा अडथळा नाही. समजावून सांगणारी साखळीच अजून तयार झालेली नाही.

रात्रीचं दारं

सौर पंप शेतकऱ्याला का हवा आहे, हे शहरातल्या वाचकाला नीट कळायला हवं. महाराष्ट्रात शेतीपंपांचे वीजग्राहक ४५ लाखांच्या आसपास आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी वर्षानुवर्षं थ्री फेज लाइट पाळीने घेतली: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दोन वाजता उठून, बॅटरी घेऊन, चिखलात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचं. साप, विंचू, उसात रानडुकरं, जुन्नर-नाशिकच्या पट्ट्यात बिबट्या. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावताना गेलेली माणसं जवळपास प्रत्येक गावाला माहीत आहेत. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्यात वीज मोफत झाली, पण मोफत वीजही रात्रीची असेल तर रात्रीच घ्यावी लागते. म्हणून ज्या घरात सौर पंप आला, तिथली बाई पहिली गोष्ट सांगते ती पैशाची नसते. "आता रात्री वाट बघावी लागत नाही," असं ती सांगते.

दिवसाची वीज शेतापर्यंत पोचवायच्या दोन वाटा राज्याने धरल्या आहेत आणि त्यांतला फरक फारसा कुणी उलगडून सांगत नाही. पहिली वाट वाहिनीची. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीची अख्खी वाहिनी दिवसा त्यावर चालवायची. इथे शेतकऱ्याच्या हातातलं काहीच बदलत नाही. तीच मोटार, तोच स्टार्टर, तोच वायरमन. नवं ज्ञान लागतं ते प्रकल्पवाल्याला आणि महावितरणला.

दुसरी वाट सुट्या पंपाची. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची, तर राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' २०२४ ची. शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के. बाकीचं अनुदान. पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा त्यातच. या वाटेने गेलेला प्रत्येक शेतकरी एका छोट्या वीजकेंद्राचा मालक होतो. वीज तयार करणं, वापरणं, राखणं हे सगळं त्याच्या बांधावर. महावितरणची तार तिथे येत नाही आणि तारेबरोबर वायरमनही येत नाही. सुटा पंप वाईट आहे असं मी म्हणत नाही. जिथे तार पोचायला वर्षं लागली असती, कोटेशन भरून माणसं ताटकळली होती, तिथे त्याने पाणी दिलं आहे. पण वीजकेंद्र द्यायचं आणि ते चालवायची विद्या द्यायची नाही, हे अर्धं देणं आहे.

एकर आणि फूट

पहिली अडचण शेतकऱ्याच्या डोक्यातली नाही, अर्जातली आहे. योजनेत पंपाची ताकद जमिनीवरून ठरते. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात. पाणी किती वर चढवायचं आहे, हा प्रश्न त्या हिशेबात मुख्य नाही. आणि पंपाला तर एकर कळतच नाहीत, त्याला फूट कळतात. ताकद तेवढीच असेल आणि पाणी दुप्पट खोल असेल, तर पाणी निम्मं मिळतं. यातून सुटका नाही.

कोकणात किंवा नदीकाठी विहिरीचं पाणी तीस-चाळीस फुटांवर असतं. मराठवाड्यात चारशे-पाचशे फुटांचा बोअर ही नेहमीची गोष्ट आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो हा मुलूख. इथे सव्वादोन एकरांच्या मालकाला ३ एचपीचा पंप मिळतो, तो खोल बोअरमधून करंगळीएवढी धार काढतो आणि शेजारी म्हणतात, सोलार काही कामाचं नाही. त्यात सोलारचा दोष नसतो. मोजमाप चुकलेलं असतं. अर्जाआधी बोअरची खोली, पाण्याची पातळी उन्हाळ्यात कुठे जाते आणि तासाला किती पाणी झिरपतं, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी बरीच निराशा टळेल. बोअर घेणाऱ्या गाडीवाल्याला यातलं निम्मं माहीत असतं, पण त्याला कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट सवयीची. लाइटीवरची मोटार चालू झाली की पहिल्या मिनिटापासून पूर्ण पाणी देते. सौर पंप सकाळी नऊच्या पुढे हळूहळू उचलतो, बारा ते दोन भरात असतो आणि चारनंतर मावळतो. दिवसभर पाणी सारखं मिळत नाही. ज्यांनी ठिबकचे भाग त्याप्रमाणे पाडले, त्यांचं बरं चाललं आहे. निलंग्याच्या बाजूला एका तरुण जोडप्याने शेताचे पाच तुकडे केले आहेत. सकाळी सर्वांत लहान तुकड्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, कारण ठिबकला दाब हवा आणि तो कमी पाण्यात लहान तुकड्यालाच मिळतो. दुपारी मोठे तुकडे. चारनंतरचं पाणी बांधावरच्या टाकीत. हा हिशेब नवरा-बायकोने पहिला हंगाम बुडवून शिकला. पाचव्या तुकड्यातल्या मिरच्या आधी पाण्याविना गेल्या होत्या. बसवायला आलेल्या माणसाने कागदावर पाच रेघा ओढून दाखवल्या असत्या, तर तो हंगाम बुडाला नसता.

इथे एक काळजी सांगायला हवी. उन्हाला बिल नाही. पंप दिवसभर चालवायला पैसे पडत नाहीत, तेव्हा बोअर कोरडा होईपर्यंत उपसण्याचा मोह होतो. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावी २०१६ मध्ये शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी मंडळी काढली. जास्तीची वीज ग्रीडला विकायची, म्हणजे पाणी जमिनीत ठेवण्यालाही दाम मिळतो. भूजल खचलेल्या मराठवाड्याला हा विचार आज ना उद्या करावाच लागेल.

सही आणि फोटो

पंप बसवणं हे काम आता सराईत झालं आहे. खड्डे, काँक्रीट, सांगाडा, प्लेटा, केबल, बोअरमध्ये मोटार. पोरं हुशार असतात, घाईत असतात, दुसरं शिवार वाट पाहत असतं. शेवटी मालकाला प्लेटांसमोर उभं करून फोटो काढायचा, त्यात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश उमटायला हवेत, मग सही किंवा अंगठा. फोटो वर गेला की पंप 'बसला' अशी नोंद होते. शिकवण्यासाठी त्या वेळापत्रकात जागा नसते.

शिकवायला फार लागतं असंही नाही. एक तास पुरेल. त्या तासात काय असावं, ते जाणकारांशी बोलून मी मांडून पाहिलं.

प्लेटा पुसायच्या त्या सकाळी किंवा संध्याकाळी; भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. क्षाराचं पाणी वाळलं की पांढरे डाग धरतात, म्हणून मऊ कापडाने पुसून घ्यायचं. घासणी, राख, वाळू काही नको. बाभळीची एक फांदी एका प्लेटेवर सावली टाकत असेल तर नुकसान त्या एका प्लेटेपुरतं थांबत नाही, कारण प्लेटा एकामागे एक जोडलेल्या असतात आणि एकीतला प्रवाह आखडला की साऱ्या ओळीचं पाणी कमी होतं. मी पाहिलेल्या एका शेतात धार कमी झाल्याची तक्रार होती आणि कारण होतं प्लेटांच्या कडेने चढलेला दोडक्याचा वेल. ज्या सांगाड्यांना कोन बदलायची सोय आहे, तिथे हिवाळ्यात प्लेटा जास्त उभ्या करायच्या, उन्हाळ्यात जास्त आडव्या. वळवाचा वारा सुटण्याआधी नट-बोल्ट बघायचे. अर्थिंगच्या खड्ड्यात ओल ठेवायची. चोरी झाली किंवा वाऱ्याने प्लेटा फुटल्या, तर विम्यासाठी लगेच कळवायचं, चोरीला पोलिसांत नोंद करायची.

आणि सर्वांत महत्त्वाचं, जीव वाचवणारं. लाइटीचा माणूस मेन स्विच पाडला की निर्धास्त होतो. प्लेटांना असा स्विच नाही. ऊन आहे तोवर त्या वीज देत राहणार. नऊ प्लेटांच्या ओळीत चारशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि तो डीसी असतो. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून तिथे उडालेली ठिणगी लवकर विझते. डीसी शून्यावर येतच नाही. चालू मोटारीवर प्लेटेचा जोड हाताने ओढला, तर ठिणगी जळत राहते आणि हात भाजतो. म्हणून आधी डब्यावरचा स्विच बंद करायचा आणि मगच जोडाला हात लावायचा. ज्या माणसाने चाळीस वर्षं एसीवर काम केलं आहे त्याला हे वेगळं सांगायलाच हवं, कारण त्याचा अनुभवच त्याला इथे फसवू शकतो.

रिवायंडिंगचं दुकान

काकांना मोटारीतलं एवढं कळतं, ते त्यांना कुणी शिकवलं? वीज मंडळाने शिबिर घेतलं नव्हतं. उत्तर मला तालुक्याच्या गावी, बसस्टँडमागच्या बोळात मिळालं. रिवायंडिंगचं दुकान. दारात उन्हात वाळत ठेवलेले वॉर्निश केलेले स्टेटर, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, खाली उघडलेल्या पाणबुडी मोटारी आणि जळक्या इनॅमलचा वास. दुकानाच्या फळीवर चार शेतकरी आपापली मोटार होईपर्यंत बसलेले.

हीच ग्रामीण महाराष्ट्राची विजेची शाळा आहे. जळलेली मोटार घेऊन माणूस येतो, मेस्त्री ती त्याच्यासमोर उघडतो, काळी पडलेली गुंडाळी दाखवतो आणि विचारतो, "फेज गेलेला असताना चालवली ना?" पुढच्या खेपेला तो माणूस फेज बघून बटण दाबतो. असं करत करत चाळीस-पन्नास वर्षांत गावंच्या गावं शिकली. नुकसान झालं, पण नुकसानीचं कारण डोळ्यांनी दिसलं आणि ते समजावणारा आपल्या बोलीत बोलणारा होता.

दुकानाचे मालक पंचेचाळीसचे असतील. वयाच्या चौदाव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली लागले, आता त्यांच्याकडे तीन पोरं शिकतात. सौर पंपाचं नाव काढताच त्यांनी कपाटातून एक कंट्रोलर, म्हणजे प्लेटांखालचा तोच राखाडी डबा, काढला. आतली पाटी काळ्या राळेत बुडवून घट्ट केलेली. धूळ, ओल जाऊ नये म्हणून तसं करतात, हे त्यांना मान्य आहे. "पण ताई, आतला एक भाग गेला तरी सगळा डबाच टाकून द्यायचा. अन् सील तोडलं की कंपनी म्हणती, वॉरंटी गेली." मोटारींचंही तसंच. एसी मोटार असेल तर गुंडाळी ते सहज भरतात. बीएलडीसी मोटारीच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात, ती तिच्या जोडीच्या कंट्रोलरशिवाय फिरतच नाही, आणि एका कंपनीचा कंट्रोलर दुसरीच्या मोटारीला जुळेलच असं नाही. नकाशा कुणी देत नाही, सुटे भाग बाजारात येत नाहीत.

मग त्यांनी आपला टाँग टेस्टर दाखवला. तारेभोवती चिमटा लावायचा, प्रवाह कळतो. पंचवीस वर्षं त्यावर काम केलं. एका शेतकऱ्याच्या आग्रहाने ते सौर पंप बघायला गेले, चिमटा प्लेटेच्या तारेला लावला, तर काटा हललाच नाही. त्यांना वाटलं प्लेटच मेली. जुना चिमटा फक्त एसी मोजतो. डीसीसाठी वेगळा लागतो, हे त्यांना पुढे लातूरच्या दुकानात कळलं. तो वेगळा टेस्टर आता त्यांच्याकडे आहे, स्वतःच्या पैशाने घेतलेला.

"पाच वर्षं झाली की ही सगळी माझ्याच दारात येणार," ते म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. २०१८ च्या अखेरीस राज्याने एक लाख पंपांची मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना आणली. त्यातल्या सुरुवातीच्या पंपांची पाच वर्षं सरलीही. कंपनीची जबाबदारी संपली, प्लेटेचं आयुष्य मात्र वीस-पंचवीस वर्षांचं आहे. मधली पंधरा-वीस वर्षं कोण सांभाळणार? हा बोळातला माणूसच. आणि नेमक्या त्याच माणसाला शिकवण्याची तरतूद कुठे दिसत नाही.

प्रशिक्षणाची योजना नाही असं नाही. २०१५ पासून केंद्राचा सूर्यमित्र कार्यक्रम चालू आहे, सहाशे तासांचा, म्हणजे तीनेक महिन्यांचा, निवासी. आयटीआयमध्ये सोलर टेक्निशियनचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या पोरांपैकी अनेक जण शहरातल्या गच्च्यांवर आणि मोठ्या प्रकल्पांवर जातात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तिथे पगार आहे. पण दुकान चालवणाऱ्या, पोटापाण्याला बांधलेल्या मेस्त्रीला तीन महिने घर सोडता येत नाही. त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, हातात कसब आहे. त्याच्यासाठी आठ-दहा दिवसांचा, तालुक्यातच होणारा, हंगाम सोडून घेतलेला वर्ग हवा. सोबत डीसीचा टेस्टर, कंट्रोलरच्या आकड्यांचा मराठी तक्ता, आणि वॉरंटी संपलेल्या यंत्रांचे नकाशे खुले करण्याची पुरवठादारांवर अट. हा खर्च अनुदानाच्या तुलनेत किरकोळ आहे.

गोबरगॅस आठवतो?

यंत्र द्यायचं आणि विद्या द्यायची नाही, हे आपल्याकडे पूर्वी घडलेलं आहे. १९८१-८२ पासून देशात बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम जोरात राबवला गेला आणि महाराष्ट्र त्यात पुढे होता. आज गावोगाव परसात गंजलेली लोखंडी टोपी किंवा तडकलेला घुमट दिसतो, शेणाऐवजी त्यात काडीकचरा. सगळीच संयंत्रं बंद पडली असं नाही. जिथे घुमट बांधणारा गवंडी जवळपास राहिला आणि बाईला शेण-पाण्याचं प्रमाण सांगितलं गेलं, तिथली अजून चुली पेटवतात. बाकी ठिकाणी अनुदान मिळालं, उद्दिष्ट पूर्ण झालं आणि पहिली गळती लागली तेव्हा कुणी आलं नाही.

अक्षरं न येणाऱ्यांची शाळा

शिक्षण कमी म्हणून तंत्र जमत नाही, हा समज ज्यांनी खोडून काढला त्यांत राजस्थानच्या अजमेर जिल्ह्यातलं तिलोनिया पहिलं. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये तिथे काम सुरू केलं, पुढे ते बेअरफूट कॉलेज म्हणून ओळखलं गेलं. तिथे खेड्यातल्या बाया, त्यांत कित्येक आज्या, सहा महिन्यांत सौर दिव्यांचे सर्किट जोडायला, तपासायला, दुरुस्त करायला शिकतात. पाठ्यपुस्तक नाही, सुट्या भागांना रंग, खुणा, हाताने करून दाखवणं. आफ्रिकेतल्या अनेक देशांतून बाया येतात, शिकवणारीची भाषा त्यांना येत नाही, त्यांची हिला येत नाही, तरी डाखण बरोबर बसतं. आजीच का निवडायची, याचं तिथलं कारण व्यवहारी आहे: तरुण पोरगा प्रमाणपत्र घेऊन शहर गाठतो, आजी गावातच राहते. आपल्या आयटीआयवाल्यांची जी अडचण वर लिहिली, तिचं हे उत्तर आहे.

आयआयटी मुंबईने प्रा. चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर दिव्यांचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हाही दिवे कारखान्यातून बांधून आणण्याऐवजी गावातल्या लोकांकडून जोडून घेतले, दुरुस्तीची केंद्रंही तिथेच ठेवली. त्यातून राजस्थानातल्या डुंगरपूरला आदिवासी बायकांची स्वतःची सौर कंपनी उभी राहिली.

आणि लांब कशाला जायचं? किल्लारी याच औसा तालुक्यातलं. १९९३ च्या भूकंपानंतर इथे घरबांधणीत बायकांना उतरवणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली, पुढे लातूर-धाराशिवच्या गावांत सौर दिवे आणि धूर कमी करणाऱ्या चुली विकणाऱ्या, समजावून देणाऱ्या सख्या तयार केल्या. दिवा बंद पडला तर गिऱ्हाईक सखीच्या घरी जाऊन उभं राहतं. तिला उत्तर द्यावंच लागतं. पंपाला अशी सखी का नसावी? कंट्रोलरचे आकडे वाचणं, प्लेटा तपासणं, तक्रार नीट लिहून पाठवणं याला मोटार उचलण्याची ताकद लागत नाही.

जुन्नर तालुक्यातलं दरेवाडी हे चाळीसेक घरांचं गाव. पुण्याच्या ग्राम ऊर्जा कंपनीने २०१२ मध्ये तिथे छोटं सौर वीजकेंद्र उभारलं. वीज फुकट ठेवली नाही. मीटर बसवले, दर गावाच्या समितीने ठरवला, जमा होणाऱ्या पैशातून पुढे बॅटऱ्या बदलायच्या हे आधीच सांगितलं आणि रोजची देखभाल गावातल्याच पोरांना शिकवली. आपल्या पैशाने चालतं, तेव्हा माणसं आपणहून विचारतात, हे का बंद पडलं.

गच्चीवरचा गैरसमज

शिकवण कमी पडते ती फक्त शेतात नाही. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेनंतर, ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागल्यावर, पुण्या-नागपूरच्या गच्च्या भरू लागल्या. उच्चशिक्षित घरांतूनही एकच संताप ऐकू येतो: लाइट गेली की आमचं सोलारही बंद, मग एवढा खर्च कशाला? रस्त्यावरची लाइट गेलेली असताना तुमच्या गच्चीवरची वीज तारेत गेली, तर खांबावर चढलेला लाइनमन मरेल. म्हणून इन्व्हर्टर स्वतः बंद होतो. अंधारातही वीज हवी असेल तर बॅटरीची वेगळी सोय लागते. हे विकताना सांगितलं जात नाही, कारण सांगितलं तर गिऱ्हाईक दोन प्रश्न जास्त विचारील. इंजिनिअरच्या घरात जे घडतं, त्यासाठी काकांच्या चौथीला नावं ठेवू नयेत.

सहीच्या आधी

सरकारला सांगायचं ते एवढंच. बसलेले पंप मोजता, तसे दोन उन्हाळ्यांनंतर चालू असलेले पंप मोजा आणि तो आकडाही जाहीर करा. पुरवठादाराचे शेवटचे पैसे फोटोवर न देता शेतकऱ्याने पंप स्वतः चालवून, बंद करून, लाल दिव्याचा अर्थ सांगून दाखवल्यावर द्या.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी, भावाच्या किंवा मामाच्या शेतात पंप मंजूर झाला आहे, त्यांनी बसवणारी पोरं येतील त्या दिवशी तिथे हजर राहावं. बोअरचं उन्हाळी पाणी किती खोल आहे ते लिहून द्यावं. प्रत्येक दिव्याचा, आकड्याचा अर्थ विचारून डब्याच्या झाकणावर आतून मराठीत चिकटवावा. घरातल्या बाईला त्या तासाला बाजूला बसवू नये. दिवसा पंपाजवळ बहुतेक वेळा तीच असते. गावातल्या वायरमनला किंवा रिवायंडिंगवाल्यालाही बोलवावं. सौर पंपासोबत चालवण्या-राखण्याची पुस्तिका स्थानिक भाषेतही दिली पाहिजे, असं केंद्राच्या तांत्रिक निकषांतच लिहिलेलं आहे. ती मराठी पुस्तिका हातात पडल्याशिवाय सही करू नका.